गाडीच्या डोळ्यांतला मोतीबिंदू



या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत बहुधा रेशनकार्ड, शाळेचे दाखले, प्रॉव्हिडंट फंड, नळाचे पाणी असे विषय असतात. गेल्या महिन्यात मात्र एका भगिनीचे चार ओळींचे पत्र आले, ते वेगळे होते. त्यांचे पती भाड्याची गाडी चालवतात. त्या लिहितात, "ह्यांच्या गाडीचे पुढचे दिवे पिवळे झाले आहेत. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही बदला. आत्ता तेवढे पैसे नाहीत. रात्रीचे नीट दिसत नाही हे ते सांगत नाहीत, पण मला समजते. घरच्या घरी काही करता येते का?"

उत्तर एका शब्दात द्यायचे तर "येते". पण तेवढ्यावर आमचे समाधान होईना, कारण हाच उद्योग आम्ही स्वतः केला आहे, त्यात तीनदा चुकलो आहोत, आणि चौथ्या खेपेस जमले आहे. त्या चुका तुमच्या वाट्याला येऊ नयेत म्हणून सगळी हकिकत सांगतो.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा टूरिस्ट परवान्याची गाडी चालवतो. गाडी सेकंडहॅण्ड, पतपेढीचे कर्ज काढून घेतलेली. घेतली तेव्हाच आठ वर्षांची होती, आता अकरावे चालू आहे. पोराने गाडी पोटच्या लेकरासारखी ठेवली आहे. इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडले ते सांगतो, टायर वेळेवर बदलतो, सीटला नवी कव्हरे घातली. पण पुढचे दोन्ही दिवे असे झाले होते, की जणू चहाच्या न विसळलेल्या बश्या. त्याकडे त्याचे लक्ष नव्हते असे नाही. दिवा लागतो आहे ना, मग चालले आहे, असा हिशेब. आमचाही तोच हिशेब होता, हे कबूल केले पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात मुरबाडकडच्या एका लग्नाहून आम्ही रात्री परतत होतो. पुढे भाचा आणि आम्ही, मागे आमच्या मंडळी, अक्का आणि अक्काच्या मांडीवर झोपलेली नात. रस्ता ओळखीचा, गाड्या तुरळक. समोरून एक ट्रक आला. त्याने डिपर दिला नाही, अंगावर झोत टाकतच निघून गेला. तो गेल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे काही राहिले नाही. आणि त्या काळोखातून एकदम एक माणूस निघाला. हातात सायकल, मागे दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या, रस्त्याच्या कडेने पायी चाललेला. भाच्याने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा सायकलीचे मागचे चाक आणि आमचा बंपर यांत हातभर अंतर होते.

तो माणूस ओरडला नाही, शिवी दिली नाही. त्याने वळून आमच्याकडे पाहिले, मग वाकून आमच्या दिव्यांकडे पाहिले, आणि चालू लागला. भाचा स्टिअरिंग धरून तसाच बसून राहिला. मागून अक्काने विचारले, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही आई, कुत्रं आडवं आलं." आम्ही शेजारी बसून सगळे पाहिले होते, पण आम्हीही तोंड उघडले नाही.

घरी आल्यावर त्याने गाडी चाळीच्या भिंतीसमोर उभी केली आणि दिवे लावले. भिंतीवर जो उजेड पडला त्याला उजेड म्हणण्यापेक्षा डाग म्हणावे. तो म्हणाला, "मामा, बल्ब तर दिवाळीत नवीन टाकलाय." म्हणजे आतला दिवा चांगला होता. बाहेर येणारी वाटच बुजली होती.

आता ही वाट बुजते कशी ते थोडे समजून घेऊ. आपण त्या भागाला काच म्हणतो, पण ती काच नव्हे. जुन्या प्रीमियर पद्मिनीचे, ॲम्बॅसेडरचे गोल दिवे खरोखर काचेचे होते. काच फुटेल, पण पिवळी पडणार नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. ती गाडी सर्व बाजूंनी खिळखिळी झाली होती, पण दिव्यांच्या काचा म्हणाल तर फडके मारले की स्वच्छ. अमेरिकेत १९८३ साली नियम बदलला, तेव्हा गाडीच्या नाकाच्या आकाराप्रमाणे वळवलेले प्लॅस्टिकचे दिवे बसवण्याची मुभा तिकडच्या कारखान्यांना मिळाली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हन या गाडीला ते पहिल्यांदा लागले. पुढे सगळ्या जगाने तोच मार्ग धरला.

हे प्लॅस्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांना आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांना, एकमेकांचा पत्ता नसताना, त्याच वर्षी ते सापडले. मोर्च्याच्या वेळी पोलिसांच्या हातात ज्या पारदर्शक ढाली असतात त्या याच जातीच्या. ज्यांनी मोर्चे पाहिले आहेत त्यांना या पदार्थाची ताकद वेगळी सांगायला नको! दगड लागला तरी फुटत नाही, वजनाला हलके, आणि हव्या त्या साच्यात बसते. पण त्याचे दोन दुर्गुण आहेत. एक, ते मऊ आहे, चटकन ओरखडते. दुसरा, उन्हातील अतिनील किरण त्याला सोसत नाहीत, ते त्याच्या कणांची जोडणी तोडतात आणि वरचा थर पिवळा होत जातो.

कारखान्यातल्या लोकांना हे ठाऊक असते. म्हणून नव्या दिव्यावर ते एक पातळ, कडक, पारदर्शक लेप देतात. हा लेप म्हणजे दिव्याची छत्री. पाच-सात वर्षे ऊन, धूळ, समोरच्या गाडीने उडवलेले बारीक खडे, धुताना मारलेली मळकी फडकी, या सगळ्यांनी ती छत्री झिजते, मग जागोजागी फाटते, आणि खालचे उघडे प्लॅस्टिक उन्हात भाजू लागते. भाच्याचा डावा दिवा उजव्यापेक्षा जास्त खराब होता. आम्हांस कोडे पडले, दोघे एकाच दिवशी जन्मलेले, मग हा भेद कसा? उत्तर आमच्या गल्लीतच होते. गाडी रोज एकाच जागी, एकाच तोंडाने उभी राहते. उजवी बाजू सार्वजनिक नळाच्या भिंतीच्या सावलीत, डावी बाजू दिवसभर उन्हात.

किती उजेड कमी होतो हे अमेरिकेतील मोटारवाल्यांची 'ट्रिपल ए' नावाची जी जुनी संस्था आहे तिने मोजून पाहिले आहे. २०१८ साली तिने जाहीर केले की असा पिवळा, धुरकट झालेला दिवा नव्या दिव्याच्या जेमतेम वीस टक्के उजेड देतो. आम्ही पेशाने कारकून, आमच्या डोक्यात लगेच पगारपत्रक उभे राहते. शंभर रुपये पगार आणि हातात वीस. बाकीचे ऐंशी कोठे गेले? काही त्या पिवळ्या थरातच मुरले, आणि काही वाकडेतिकडे पसरले. हे पसरलेलेच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातात. म्हणजे आपल्याला दिसत नाही ते नाहीच, वर दुसऱ्यालाही आंधळे करायचे. ज्या ट्रकवाल्याच्या नावाने आम्ही त्या रात्री बोटे मोडली, त्यालाही आमच्या गाडीचा उजेड तसाच खुपला असेल, हे उशिरा सुचले.

त्याच संस्थेला असेही दिसले की नीट घासून साफ केलेला दिवा नव्याच्या साधारण सत्तर टक्क्यांपर्यंत परत येतो. नव्याची बरोबरी होत नाही. ज्यांना परवडते त्यांनी कंपनीचे नवे दिवे बसवावेत, त्यात वाद नाही. आम्ही लिहितो आहोत ते ज्यांना वीसावरून सत्तरवर जाणेही मोठे आहे त्यांच्यासाठी.

आता आमच्या चुका. पहिली चूक टूथपेस्टची. कोणीतरी मोबाईलवर पाहिले होते. घरात होतीच, आम्ही अर्धी ट्यूब संपवली. दिवा चमकला! आमच्या मंडळी म्हणाल्या, "दातांपेक्षा दिवेच बरे निघाले." भाचा खूश, आम्ही खूश. सहा आठवड्यांत पूर्वीपेक्षा जास्त पिवळे. झाले असे की टूथपेस्टमध्ये बारीक खडूसारखी पूड असते, तिने वरचा पिवळा थर थोडा खरवडला, पण त्याबरोबर उरलीसुरली छत्रीही गेली. पासिंगच्या आदल्या दिवसापुरता हा उपाय ठीक, त्याला दुरुस्ती म्हणू नये.

दुसरी चूक अधिक वाईट. भाच्याच्या स्टँडवर एकाने सांगितले की थिनरने पुसा, काही जण डास पळवणारे औषध चोळतात. आम्ही डाव्या दिव्याच्या एका कोपऱ्यावर थिनरचा बोळा फिरवला. पुसताना एकदम स्वच्छ दिसले. वाळल्यावर पाहतो तो त्या कोपऱ्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा. थिनर, पेट्रोल, नखांच्या रंगाचे रिमूव्हर, हे सगळे पॉलिकार्बोनेटला आतून तडकवतात. डासांचे औषधही प्लॅस्टिक विरघळवूनच चमक आणते. त्या भेगा आजही गाडीवर आहेत. नातेवाईक विचारतात तेव्हा भाचा "दगड लागला" असे सांगून आमची लाज राखतो.

मग आमच्या ओळखीचे एक डेंटिंग-पेंटिंगचे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडे गेलो. वयाने आमच्यापेक्षा मोठे, आम्ही त्यांना भाऊ म्हणतो. त्यांनी दिवे पाहिले, नखाने टकटक केले आणि म्हणाले, "साहेब, हे पुसायचं काम नाही, घासायचं काम आहे." त्यांनी आधी एक गोष्ट करून दाखवली. बाटलीतले पाणी दिव्यावर ओतले. दिवा ओला असेपर्यंत जवळजवळ स्वच्छ दिसला, वाळला की पुन्हा धुरकट. भाऊ म्हणाले, याचा अर्थ खराबी बाहेरच्या अंगाला आहे. पृष्ठभागावर बारीक खड्डे पडलेले असतात, ते पाण्याने भरले की उजेड सरळ जातो. पाणी टाकूनही धुरकटच राहिला तर दोष आतल्या बाजूला. मग बाहेरून जन्मभर घासा, काही होणार नाही. ही परीक्षा फुकट आहे, आणि ती कोणीही करावी. आतमध्ये पाण्याचे थेंब दिसत असतील तर दिव्याचे सील गेलेले आहे, ते आधी दुरुस्त करावे लागते. आतला चांदीसारखा चकचकीत भाग काळा पडला असेल किंवा सोलला असेल तर मात्र दिवा बदलण्यावाचून इलाज नाही. तो भाग बहुधा जास्त वॅटचे बल्ब टाकून जळतो. बहुतेक लहान गाड्यांना ६०/५५ वॅटचा एच-फोर बल्ब असतो. उजेड कमी पडतो म्हणून लोक शंभर वॅटचा टाकतात, त्याच्या उष्णतेने दिवाही भाजतो आणि वायरही तापते. रोग एक, औषध भलतेच.

भाऊंनी जे सांगितले त्याप्रमाणे आम्ही एका रविवारी बसलो. सामान फार नाही. वॉटर पेपर ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे, प्रत्येकी एक. हार्डवेअरच्या किंवा रंगाच्या दुकानात सुटे मिळतात, एक कागद वडापाव-चहाच्या पैशांत येतो. कागदी चिकटपट्टीचे एक रीळ, रबिंग कंपाउंडचा लहान डबा, दोन बादल्या पाणी, भांडी घासण्याचा साबण, जुन्या मऊ बनियनची फडकी. कागद नुसत्या बोटांनी धरला तर बोटांच्या जागी खोल आणि मध्ये उथळ घासले जाते, म्हणून भाऊंनी एक युक्ती सांगितली. तुटलेल्या हवाई चपलेच्या तळव्याचा तुकडा कापून घ्यायचा आणि कागद त्यावर गुंडाळायचा. वळणदार दिव्यावर तो बरोबर बसतो.

आधी दिवा साबणाने स्वच्छ धुवावा. एक वाळूचा कण राहिला तरी तो कागदाखाली सापडून रेघा मारतो. मग दिव्याभोवतीच्या पत्र्यावर आणि बंपरवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावावेत. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणून लोक टाळतात. भाच्यानेही टाळायचे पाहिले, "मामा, मी हलक्या हाताने करतो ना." आम्ही ऐकले नाही. पत्र्याचा रंग गेला तर दिव्याच्या दसपट खर्च.

कागद पाण्यात दहा मिनिटे भिजवून ठेवावा. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक, हे ध्यानात असू द्यावे. लेप पापुद्र्यासारखा निघत असेल तर ६०० पासून, नुसताच पिवळा असेल तर ८०० पासून सुरुवात. दिवा सतत ओला पाहिजे, एका हाताने पाणी, एका हाताने कागद. कोरडे घासायचे नाही. ओरखडे खोल पडतात आणि प्लॅस्टिकची पूड नाकातोंडात जाते. पहिल्या कागदाला पिवळे पाणी उतरते, हळदीचे हात धुतल्यासारखे. घाबरू नये, तोच तो मेलेला थर आहे. पाणी पांढरे यायला लागले आणि सगळा दिवा सारखाच दुधी दिसू लागला की पुढचा नंबर घ्यावा. मध्ये कुठे पिवळा ठिपका किंवा लेपाची कड दिसत असेल तर त्याच नंबरावर थांबावे.

इथे आमची तिसरी चूक. ८०० झाल्यावर दुधी झालेला दिवा पाहून आमचा धीर सुटला आणि आम्ही एकदम २००० नंबर हाती घेतला. अर्धा तास घासले. वर चमक आली, पण उन्हात पाहिले तर खाली ८०० च्या रेघा जशाच्या तशा. बारीक कागद मोठी रेघ काढू शकत नाही, ती फक्त वरून गुळगुळीत करतो. पुन्हा मागे जाऊन १००० पासून सुरुवात करावी लागली. यावर भाऊंचा उपाय सोपा आहे. ८०० आडवा घासला तर १००० उभा घासावा, १५०० पुन्हा आडवा. म्हणजे आधीच्या रेघा राहिल्या आहेत का ते लगेच दिसते. आडव्या सगळ्या गेल्याशिवाय उभे थांबवायचे नाही. हिशेबाच्या वहीत मागच्या पानाची बाकी जुळल्याखेरीज पुढच्या पानावर जाऊ नये, तसेच हे. जन्मभर वह्या लिहून आम्ही इथे मात्र चुकलो.

२००० झाल्यावर दिवा धुऊन, वाळवून, फडक्यावर वाटाण्याएवढे कंपाउंड घेऊन गोल गोल चोळावे. इथे दंडाला काम आहे. ड्रिल मशीनला स्पंज लावून काही जण करतात, पण एका जागी मशीन थांबले की प्लॅस्टिक तापून करपते. हाताने करपत नाही, फक्त हात दुखतो. दहा-पंधरा मिनिटांत दुधीपणा जातो आणि आतला बल्ब, त्यामागची चांदी, सगळे दिसू लागते. तो क्षण खरोखर पाहण्यासारखा आहे. चाळीतली सात-आठ पोरे गोळा झाली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. अक्का गॅलरीतून म्हणाली, "डॉक्टरने पट्टी सोडल्यावर मला असंच दिसलं होतं रे!" अक्काचे दोन वर्षांपूर्वी मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे.

बहुतेक लोक इथेच थांबतात, आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा झाला म्हणून नशिबाला दोष देतात. विचार करा, आपण काय केले? जुनी फाटकी छत्री पूर्ण काढून फेकली. आता प्लॅस्टिक उघडे आहे. नवी छत्री दिलीच पाहिजे. तिचे दोन प्रकार. एक म्हणजे अतिनील किरण अडवणारा पारदर्शक लॅकर, फवाऱ्याच्या डब्यात मिळतो. डब्यावर तसे स्पष्ट लिहिलेले पाहून घ्यावे. लाकडी फर्निचरचा किंवा साधा क्लिअर चालत नाही, तो स्वतःच पिवळा पडतो. लॅकर मारायचा असेल तर १५०० नंबरावरच थांबावे आणि कंपाउंड लावू नये. त्या बारीक रेघांत लॅकर धरतो आणि त्याच त्यांना भरून काढतो. गुळगुळीत पृष्ठावर तो नंतर सोलून निघतो. पातळ असे दोन-तीन हात, प्रत्येकाच्या मध्ये काही मिनिटे. एकदम जाड मारला तर ओघळ येतात. दिवस कोरडा हवा, पावसाळी दमट हवेत लॅकर पांढरा पडतो. गॅरेजमध्ये हार्डनर मिसळायचा जो दोन डब्यांचा क्लिअर असतो तो टिकायला उत्तम, पण त्याची वाफ फुप्फुसाला घातक आहे. तोंडाला रुमाल बांधून तो मारू नये, रुमालाने काही अडत नाही. तो प्रकार ज्यांच्याकडे योग्य मास्क आहे अशा मिस्त्रींवर सोपवावा.

दुसरा प्रकार मेणाचा किंवा सीलंटचा, म्हणजे फडक्याने लावून पुसायचे. सोपे, स्वस्त, पण टिकते थोडेच. दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा लावावे लागते. आम्ही कंपाउंडपर्यंत आलो होतो म्हणून मेणाची वाट धरली. भाच्याने भाड्याच्या नोंदवहीत पगार, हप्ता, पी.यू.सी. यांच्या खाली "दिवे-मेण" असे लिहून ठेवले आहे.

दोन्ही दिव्यांना मिळून आमचा सबंध रविवार गेला. पैकी पाऊण तास तिसऱ्या चुकीचा. खर्च बेरीज करून सांगतो, सगळे मिळून चारशेच्या आत. गॅरेजवाल्याने नव्या जोडीचा जो आकडा सांगितला होता तो या रकमेच्या पंधरापट होता. भाच्याच्या गाडीसारख्या परवान्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यापुढे दरवर्षी पासिंग करावे लागते, आणि तिथे दिवे पाहिले जातात. या वेळी साहेबांनी दिवे लावायला सांगितले, पाहिले, आणि पुढे गेले. मागच्या वर्षी तेवढ्यासाठी एक दिवसाचे भाडे बुडवून पुन्हा जावे लागले होते.

आणखी दोन बारीक गोष्टी राहिल्या. बल्ब बदलताना त्याच्या काचेला बोट लावू नका, बोटांचा तेलकटपणा तापून बल्ब लवकर जातो. स्वच्छ फडक्याने धरा. आणि ज्यांनी दिवा काढून पुन्हा बसवला असेल त्यांनी रात्री भिंतीसमोर गाडी लावून झोत पाहावा. एक वर आणि एक खाली असेल तर दिव्यामागच्या स्क्रूने सारखा करून घ्यावा. साफ झालेला दिवा वर बघत असेल तर समोरच्याचे हाल पूर्वीपेक्षा वाढतील.

त्या दुधवाल्याची पुन्हा भेट झाली नाही. भाचा त्या रस्त्याने आठवड्यातून एकदा तरी जातो. तो सांगत होता, त्या वळणाला आता आपोआप वेग कमी होतो, दिवे चांगले असूनही.

पत्र पाठवणाऱ्या भगिनीस आमचे सांगणे, की आधी पाण्याची परीक्षा करा, आणि चिकटपट्टी लावायला तुम्ही स्वतः उभ्या राहा. पुरुष मंडळी तेवढ्यात घाई करतात.

हे लिहून होत असतानाच खालच्या मजल्यावरचे रिक्षावाले काका वर आले. भाच्याच्या गाडीचे दिवे पाहून त्यांनाही हुरूप आला होता. "भाऊसाहेब, रविवारी माझ्या रिक्षाचाही करू या का? फार पिवळा पडलाय." आम्ही कागद, बादली, चपलेचा तुकडा असा सरंजाम घेऊन उतरलो. दिव्यावर पाणी ओतले, काही फरक दिसेना. मग भाऊंसारखे नखाने टकटक केले, तर टिण् असा आवाज. अस्सल काच! पिवळेपणा आतल्या गंजलेल्या तबकडीचा होता. काका म्हणाले, "मग आता?" आम्ही म्हणालो, "आता तबकडी बदला, आणि आम्हाला चहा पाजा." चहा झाला. तबकडी काका पुढच्या आठवड्यात आणणार आहेत.